मुलाची थकलेली पोटगी वसूल कशी करावी
नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने आदेश देऊनही वडील मुलाची पोटगी भरत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 144 खाली वसुलीचा अर्ज करावा. रक्कम देय झाल्यापासून 1 वर्षाच्या आत तो दाखल व्हावा लागतो. 'पुढच्या महिन्यात देतो' या आश्वासनांवर विसंबून मुदत हुकवू नये. आदेशाची प्रमाणित प्रत व महिनावार थकबाकीचा तक्ता जोडावा, आणि वडिलांच्या नोकरीचा व मालमत्तेचा तपशील शक्य तितका नेमका द्यावा, कारण वसुली बहुधा इथेच अडते. न्यायालय वसुलीसाठी वॉरंट काढते, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणेही वसुली होऊ शकते, आणि तरीही रक्कम न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी 1 महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केले आहे.