पद्मिनी-ॲम्बॅसिडरच्या दाराला इपॉक्सीने पॅच कसा लावावा

ॲम्बॅसिडर २०१४ मध्ये बंद झाली, पद्मिनी त्याच्या बरीच आधी. त्यामुळे गंजलेलं दार टाकून नवं आणणं अवघड; पॅच लावणंच आलं. दाराच्या सपाट पत्र्याला वेल्डिंगची उष्णता लागली की लाटा पडतात, मग वर लांबीचे (पुट्टीचे) थर. अशा जागी दोन भागांची (राळ आणि हार्डनर मिसळून लावायची) स्ट्रक्चरल इपॉक्सी, म्हणजे भार पेलणारा गोंद, उत्तम. चॅसिस, पिलर, सस्पेन्शन, सीटबेल्टच्या जागा मात्र वेल्डिंगनेच; यावर वाद नको.

पॅच भोकापेक्षा चारी बाजूंनी २५ मिमी मोठा घ्या. इपॉक्सी सरकवणाऱ्या जोराला दाद देत नाही, पण कडेने सोलली की सुटते. कोरडाच बसवून बघा, क्लॅम्पच्या जागा आखा. जोडाच्या दोन्ही बाजू रंग-गंज जाऊन उघडा पांढरा पत्रा दिसेपर्यंत ८० नंबरच्या पेपरने घासा. घासण्याआधी आणि नंतर ॲसिटोनने पुसा, दर वेळी नवं फडकं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात घासलेला पत्रा बघता बघता तांबूस होतो, म्हणून घासलं की लगेच चिकटवा.

हार्डनर 'थोडं जास्त' घालू नका. लांबीत ते चालून जातं, कारण तिथे हार्डनर फक्त प्रक्रिया सुरू करतं. इपॉक्सीत ते स्वतःच जोडाचा भाग होतं. जास्त पडलं तर जोड मऊ राहतो. आकारमानाचं प्रमाण वजनावर लावू नका. कार्ट्रिज (दोन्ही भाग भरलेली नळी) असेल तर मिसळणाऱ्या नोझलमधून आलेलं पहिलं बोटभर मिश्रण फेकून द्या. हातमोजे घाला.

आता क्लॅम्प. बहुतेक जोड इथेच बिघडतात, आणि दोष इपॉक्सीच्या कंपनीला मिळतो. 'दाबून आवळ' हा सल्ला वेल्डिंगवाल्याचा. आवळलं की इपॉक्सी बाहेर येते, पत्र्याला पत्रा टेकतो आणि जोड उपाशी राहतो. मधे पाव मिलिमीटर थर राहायलाच हवा. चांगल्या पॅनल बाँडमध्ये (गाडीच्या पत्र्यासाठीच्या गोंदात) त्यासाठी बारीक काचेचे मणी असतात. नसतील तर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून ३३ गेजची इनॅमल चढवलेली तांब्याची वायर घ्या. ती जवळपास पाव मिलिमीटरचीच असते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, गेलात तर शोधाशोध करावी लागणार नाही. दोन-दोन सेंटीमीटरचे तुकडे जोडावर आडवे ठेवा. इनॅमल खरवडू नका आणि टोकं बाहेर काढू नका, नाहीतर तांब्याशेजारी पत्रा गंजेल.

दोन्ही बाजूंना पातळ हात द्या, मग एका बाजूला सलग धार. पॅच टेकवल्यावर उचलून पुन्हा ठेवू नका, आत हवा अडकते, सरकवून जुळवा. क्लॅम्प हाताने फिरेल तेवढाच फिरवा, पाना लावू नका. कडेने सगळीकडे बारीक रेघ बाहेर आली की थांबा. जिथे आली नाही तिथे माल कमी पडलाय. तिथे आणखी आवळून उपयोग नाही, काढून भरा.

डब्यावरची कामाची वेळ साधारण २५ अंशांची असते. तापमान दर १० अंशांनी वाढलं की ती अंदाजे निम्मी होते. मे महिन्यात ४० मिनिटांची २० समजा, काम सकाळीच उरका. बाहेर आलेला माल ओला असतानाच पुसा. क्लॅम्प दुसऱ्या दिवशी सोडा. नंतर शेजारी वेल्डिंग केलंत तर जोड जळेल. आतली कड सीलरने बंद करा. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं तेवढी मोकळी ठेवा.