व्हिटमन वाचायचाय ना, मग आधी त्याची पत्रं उघडा

वॉल्ट व्हिटमन हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कवी वाचायला घेतला आणि पंधरा-वीस पानांत बाजूला ठेवला असं सांगणारे इथे बडोद्यात बरेच भेटतात, आणि जरा खोदून विचारलं की कळतं सगळ्यांनी तेच केलेलं असतं, लीव्ह्ज ऑफ ग्रास या त्याच्या कवितासंग्रहाची फुकट फाईल मोबाईलवर उतरवली आणि पान एकपासून सुरुवात केली. ती फाईल बहुतेक वेळा १८९१-९२ च्या शेवटच्या आवृत्तीची असते, म्हणजे माणसाने आयुष्यभर भर घालत नेलेल्या जवळपास चारशे कविता एकगठ्ठा. डोक्यावरून जाणारच, त्यात तुमचं इंग्रजी कच्चं वगैरे काही नाही.

हा माणूस मुळात छापखान्यातला आणि पेपरातला. बाराव्या वर्षाच्या आसपास खिळे जुळवायला शिकला, मधे शाळामास्तरकी केली, १८४६ ते ४८ ब्रुकलिन डेली ईगल या पेपरचा संपादक होता, तिथून राजकारणामुळे नोकरी गेली. डोळ्यांनी बघितलेलं लगेच कागदावर टाकायची सवय त्याला तिथे लागली. त्यामुळे त्याची कविता कळायची असेल तर एकच गोष्ट त्याने पत्रात कशी सांगितली, छापील गद्यात कशी आणि कवितेत कशी, हे शेजारी-शेजारी ठेवून बघायचं. बाकी सगळं नंतर.

त्यासाठी गूगलवर वॉल्ट व्हिटमन आर्काइव्ह शोधा. एड फॉल्सम आणि केनेथ प्राइस या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी १९९५ मध्ये सुरू केलेली साइट आहे, पैसे नाहीत काही नाहीत, आणि तिथे त्याच्या हयातीत निघालेल्या लीव्ह्ज ऑफ ग्रासच्या अमेरिकन आवृत्त्या, त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली पत्रं, पेपरांतलं लिखाण, हस्तलिखितं असं सगळं आहे, बऱ्याच ठिकाणी मूळ पानाचा फोटो आणि टाइप केलेला मजकूर दोन्ही. पत्रं वाचायला मोबाईल चालतो पण आवृत्त्या ताडून बघायच्या तर लॅपटॉप घ्या, दोन टॅब समोर लागतात. आणि एक छोटी वही ठेवा, तारखा लिहायला.

आता आख्खं आयुष्य पिंजत बसू नका, एकच महिना उचला. नव्या माणसाला मी नेहमी डिसेंबर १८६२ देते. अमेरिकेत यादवी युद्ध चालू, व्हिटमनचा भाऊ जॉर्ज लढाईत, आणि जखमींच्या यादीत पेपरात जॉर्जचं नाव आलं, तेही आडनाव चुकवून. हा तसाच निघाला. वाटेत फिलाडेल्फियात खिसा कापला गेला, वॉशिंग्टनमध्ये पोचला तेव्हा हातात दमडी नाही, हॉस्पिटलं पालथी घातली पण भाऊ सापडेना, शेवटी फ्रेडरिक्सबर्गसमोरच्या छावणीत सापडला, गालाला जखम झालेली पण ठणठणीत. हे सगळं २९ डिसेंबर १८६२ ला आईला लिहिलेल्या पत्रात आहे, पत्रांच्या विभागात तारखेने शोधा म्हणजे लगेच मिळेल. पत्र लांब आहे, पण भाषा साधी, घरातल्या माणसाला लिहितात तशी, डिक्शनरी फारशी लागत नाही.

त्या पत्रात मधेच तो आईला सांगून टाकतो की छावणीत गेल्या गेल्या जे दिसलं त्यात हॉस्पिटलसमोर एका झाडाखाली पडलेला कापलेल्या पायांचा, हातांचा ढीग होता. एवढंच. पुढे निघून जातो, आईला आणखी काय सांगणार. आता दुसऱ्या टॅबमध्ये स्पेसिमेन डेज उघडा, हे त्याचं १८८२ चं गद्य पुस्तक, त्यातलं छावणीचं टिपण काढा. तोच ढीग, तेच झाड, पण इथे तो मोजमाप देतो, हॉस्पिटल केलेल्या घरापासून दहा यार्डांच्या आत, एका घोड्याची गाडी भरेल एवढा. हा पेपरवाला बोलतोय बघा, वाचकाला अंदाज यावा म्हणून अंतर आणि गाडी. आणि लगेच पुढच्या वाक्यात जवळ पडलेली काही प्रेतं, प्रत्येकावर तपकिरी लोकरी ब्लँकेट.

मग तिसरा टॅब, १८६५ च्या ड्रम-टॅप्स या त्याच्या युद्धकवितांच्या पुस्तकातली 'अ साइट इन कॅम्प' या शब्दांनी सुरू होणारी छोटी कविता. पहाटेची वेळ, हॉस्पिटलच्या तंबूजवळ स्ट्रेचरवर तीन झाकलेली माणसं, आणि अंगावर तेच तपकिरी लोकरी ब्लँकेट. हातापायांचा ढीग गायब, गाडी गायब. कवितेतला माणूस एकेक ब्लँकेट उचलून चेहरा बघतो, पहिला म्हातारा, दुसरा कोवळा पोरगा, तिसऱ्या चेहऱ्यात त्याला ख्रिस्त दिसतो. म्हणजे जे वाचून अंगावर काटा येतो ते त्याने गद्यात ठेवलं आणि कवितेसाठी फक्त ब्लँकेट उचललं. कवी काय सोडतो ते असं समोर दिसायला लागलं की अर्धं काम झालं, मग लांबलचक कवितांची भीती वाटत नाही. माझ्या मते पंधरा लेक्चरांत कळणार नाही ते या तीन टॅबमध्ये कळतं.

हे जमलं की १० ऑगस्ट १८६३ चं पत्र वाचा. भाऊ सापडल्यावर व्हिटमन घरी परतलाच नाही, वॉशिंग्टनमध्ये राहून जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलांत फेऱ्या मारायला लागला, संत्री, तंबाखू, कागद, पोस्टाची तिकिटं घेऊन, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं लिहून द्यायचा. त्याचा स्वतःचा हिशोब सहाशेच्या वर भेटी आणि ऐंशी हजार ते एक लाख जखमी-आजारी असा आहे, पण हिशोब त्याचा आहे हे ध्यानात ठेवा. तर इरॅस्टस हॅस्केल नावाचा सैनिक टायफॉइडने गेला आणि व्हिटमनने त्याच्या आईवडिलांना पत्र लिहिलं. पोराच्या खाटेशेजारी छोट्या स्टँडवर त्याची बासरी ठेवलेली असायची, बरा झालो की तुम्हाला वाजवून दाखवीन म्हणाला, पण अजून मला फारशी येत नाही हेही सांगून ठेवलं. अनोळखी आईबापाला कोणी हे का लिहावं, तर त्यांना पोरगा ओळखू यावा म्हणून. हे वाचून झालं की 'द वाउंड-ड्रेसर' ही कविता लगेच घ्या, त्याच दिवशी, गॅप पडू देऊ नका. आणि याच काळात तो न्यूयॉर्क टाइम्सलाही लेख देत होता, २६ फेब्रुवारी १८६३ चा लेख आहे, तोही बघून घ्या, तिथे त्याचा सूर वेगळा आहे, लोकांनी हॉस्पिटलांकडे लक्ष द्यावं म्हणून कळवळून लिहिलेला.

आता मोठी कविता, साँग ऑफ मायसेल्फ. ही घ्यायची ती शेवटच्या आवृत्तीतून नाही, १८५५ च्या पहिल्या आवृत्तीतून. तेव्हा पुस्तकात फक्त बारा कविता होत्या, एकीलाही धड स्वतंत्र नाव नाही, ब्रुकलिनच्या छोट्या छापखान्यात छापलेलं, काही पानांचे खिळे त्याने स्वतःच जुळवलेले. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर कवीचं नावच नाही, नुसतं एक चित्र, टोपी तिरकी, शर्टाचं बटण उघडं, एक हात खिशात. नाव कुठे येतं तर कवितेच्या पोटात, मधेच, आपल्या अभंगात शेवटी 'तुका म्हणे' येतं ना तसं, फक्त याचं शेवटी नाही आणि एवढं नम्रही नाही. १८५५ मध्ये त्या ओळीत तो स्वतःला अमेरिकन आणि रांगड्या गड्यांपैकी एक म्हणवतो, १८८१ ची आवृत्ती उघडलीत तर रांगडा गडी उडालेला, मॅनहॅटनचा सुपुत्र आलेला. वय झालं, नाव झालं, दुसरं काय. पहिली ओळसुद्धा बघा, आधी नुसतं 'मी माझा उत्सव करतो', नंतर त्याला 'आणि माझं गाणं गातो' अशी शेपूट लावली. मला पहिलीच आवडते. कवितेचं नावही १८५६ मध्ये एक, १८६० मध्ये दुसरं, आणि साँग ऑफ मायसेल्फ हे नाव थेट १८८१ मध्ये. म्हणून कोणी या कवितेतली ओळ तोंडावर फेकली तर आवृत्ती कुठली ते विचारा.

वाचायची कशी, तर मोठ्याने. या माणसाला ऑपेराचं वेड होतं, ओळी श्वासावर चालतात, स्वल्पविरामाला थांबा, ओळ संपली की पूर्ण थांबा. याद्या येतील, सुतार, खलाशी, नांगरवाला, वेडा, छापखान्यातला कामगार, त्या याद्यांत अर्थ शोधत बसू नका, वाचत पुढे जा. दुपारी घरात सगळे झोपलेले असताना हे जमत नाही, मी सयाजीबागेत सकाळी फिरायला येणारे बघतील याची लाज सोडून वाचते.

पेपरांतल्या लिखाणाबद्दल मात्र सावध राहा. त्या काळी लेखाखाली नाव नसायचं, त्यामुळे कुठला लेख नक्की त्याचा हे ठरवायला अभ्यासक अजून घाम गाळतात. १८५८ मध्ये मोझ व्हेल्सर या टोपणनावाने त्याने पुरुषांच्या तब्येतीवर लेखमाला लिहिली होती, ती २०१६ मध्ये जगासमोर आली, १८५२ ची निनावी कादंबरी २०१७ मध्ये, दोन्ही झॅकरी टर्पिन या संशोधकाने जुन्या पेपरांतून काढल्या. आणि स्वतःच्या पुस्तकाची परीक्षणं निनावी लिहून स्वतःचीच पाठ थोपटली, तीही एकदा नाही, तीनदा. इमर्सन या त्या काळच्या मोठ्या अमेरिकन लेखकाने कौतुकाचं खासगी पत्र पाठवलं ते न विचारता पेपरात छापायला दिलं आणि १८५६ च्या आवृत्तीच्या कण्यावर त्यातलं वाक्य सोन्याच्या अक्षरात टाकलं. एका फोटोत बोटावर फुलपाखरू बसलंय, ते पुठ्ठ्याचं आहे. हे सगळं चालून जातं, हसू येतं. पण त्याचे काही अग्रलेख वाचून हसू येत नाही, अमेरिकेने मेक्सिकोशी केलेल्या युद्धाला त्याने जोरात पाठिंबा दिला, आणि काळ्या लोकांना अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये येऊच देऊ नये या बाजूने १८५८ मध्ये लिहिलं, कवितेत पळून आलेल्या गुलामाला घरात घेऊन त्याच्या घामट अंगासाठी, ठेचाळलेल्या पायांसाठी टबात पाणी भरणारा हाच माणूस. ते टाळू नका, वाचा, कविता आणि अग्रलेख यांची तारीख लिहून समोरासमोर ठेवा.

आपल्याकडचे लोक बरेचदा पॅसेज टू इंडियाने सुरुवात करतात, नावात भारत दिसतो म्हणून. नका करू. व्हिटमन भारतात कधी आलाच नाही, ती १८७१ ची कविता सुएझ कालवा, अमेरिकेची आरपार रेल्वे आणि समुद्राखालची तार यांच्या भारावलेपणातून लिहिलेली आहे, त्यातला भारत मनातला आहे. छान आहे, पण बाकीचं झाल्यावर. ओ कॅप्टन! माय कॅप्टन! शाळेत शिकलात असाल तर ती बाजूलाच ठेवा, यमकं जुळवलेली ती कविता त्याच्या स्वभावातली नाहीच, लोक सारखी तीच मागतात म्हणून म्हातारपणी तो वैतागला होता.

छापील पुस्तक हवं असेल तर मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आणि युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत विचारा, टीपा असलेली आवृत्ती मागा, आणि कपाटात शेजारी इमर्सन दिसला तर तोही घ्या. सयाजीरावांनी १९१० मध्ये ग्रंथालयांचं काम बघायला बॉर्डन नावाच्या अमेरिकन माणसाला आणलं होतं, त्यामुळे मांडवीत बसून अमेरिकन कवी वाचण्यात काही उपरं वाटून घेऊ नका.

एवढं पचलं की हॉरेस ट्राउबेल. व्हिटमन शेवटची वर्षं अमेरिकेतल्या कॅम्डन गावात अर्धांगाने घरात बसून होता, तिथे हा तरुण पोरगा १८८८ पासून जवळजवळ रोज जायचा आणि म्हातारा काय काय बोलला ते घरी येऊन लिहून ठेवायचा. नऊ खंड आहेत, ओळीने वाचायला जाऊ नका, वेड लागेल. आर्काइव्हवर आहेत, सर्चमध्ये एखाद्या पत्राचं किंवा कवितेचं नाव टाका आणि तेवढीच पानं वाचा, कारण जमिनीवर पडलेल्या कागदांच्या पसाऱ्यातून म्हातारा जुनी पत्रं उचलून याच्या हातात द्यायचा, आणि त्या पत्रामागची गोष्ट, कधी तिखटमीठ लावून, तिथेच सांगायचा.