अमेरिकेत बँकरप्सी फाइल केल्यावर काय काय होतं

बँकरप्सीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज कोर्टात दाखल झाला की वसुली तिथेच थांबते. याला ऑटोमॅटिक स्टे म्हणतात. कार्ड कंपन्यांचे फोन, पगारातली कपात, चालू दावे बहुतेक सगळे थबकतात. पोटगीची वसुली तेवढी चालूच राहते. कोर्टाची नोटीस पोचेपर्यंत एखादा फोन येईलही. वाद घालू नका. केस नंबर आणि वकिलाचं नाव सांगा आणि ठेवून द्या.

आपली माणसं अडकतात ती मालमत्तेच्या फॉर्मवर. तिथे जगात कुठेही असलेलं सगळं लिहायचं असतं. गावच्या सातबाऱ्यावर भावंडांसोबत लागलेलं नाव, आईबरोबरची जॉइंट एफडी, पीपीएफ, लॉकरमधलं सोनं, सगळं. ‘जमीन बाबांचीच आहे, माझं नुसतं नाव आहे’ हे वकिलाला जरूर सांगा, पण म्हणून ती वगळू नका. त्यात तुमचा हिस्सा किती, हे ट्रस्टी (तुमची केस सांभाळायला नेमलेली व्यक्ती) बघेल. फॉर्म शपथेवर भरलेला असतो. मुद्दाम लपवलंत तर कर्जमाफी नाकारली जाऊ शकते, वर फौजदारी गुन्हाही होऊ शकतो.

फाइल करण्याआधीच्या वर्षभरात भावाचे उसने पैसे फेडले असतील तर तेही लिहा. ट्रस्टी ते त्याच्याकडून परत मागू शकतो. घरच्यांचं आधी फेडावं असं आपल्याला वाटतं आणि त्यात वाईट हेतू नसतो, पण कायद्याच्या लेखी तो बाकीच्या धनकोंवर अन्याय ठरतो. म्हणून भावाला आधीच कल्पना द्या. अर्जानंतर १८० दिवसांत वारसाहक्काने काही मिळण्याचा हक्क आला तर तेही कळवावं लागतं.

चॅप्टर ७ (सूट नसलेली मालमत्ता विकून बाकी कर्ज माफ होण्याचा प्रकार) असेल तर साधारण २१ ते ४० दिवसांत ३४१ मीटिंग होते, हल्ली बहुधा झूमवर. न्यायाधीश नसतात, धनकोही सहसा फिरकत नाहीत. ट्रस्टी शपथ देऊन प्रश्न विचारतो. फोटो आयडी आणि सोशल सिक्युरिटी नंबरचा पुरावा हाताशी ठेवा. इंग्रजीची धास्ती असेल तर दुभाषा फुकट मिळतो. आईवडिलांपैकी कुणाची केस असेल तर हे नक्की वापरा. अर्धवट समजून ‘येस’ म्हणण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

त्यानंतर पैशांच्या नियोजनाचा एक ऑनलाइन कोर्स. तो राहिला तर डिस्चार्ज, म्हणजे कर्जमाफी, मिळत नाही. सगळं सुरळीत असेल तर फाइल केल्यापासून साधारण चार महिन्यांत डिस्चार्ज होतो. चॅप्टर १३ची गोष्ट वेगळी: तीन ते पाच वर्षं हप्ते, आणि पहिला हप्ता फाइल केल्यापासून ३० दिवसांत. पोटगी, अलीकडचा टॅक्स आणि बहुतेक स्टुडंट लोन यांतून सुटका होत नाही.

तुमच्या लोनवर कुणी मित्राने कोसाइन केलं असेल, म्हणजे तो जामीन राहिला असेल, तर चॅप्टर ७ त्याला वाचवत नाही. त्याला हे तुमच्या तोंडून कळू द्या, बँकेच्या पत्रातून नको.

व्हिसाची भीती सगळ्यांनाच असते. केवळ बँकरप्सीमुळे व्हिसा किंवा ग्रीन कार्ड जात नाही. नागरिकत्वाच्या अर्जात तसा प्रश्नही नाही. फक्त त्या कारणावरून नोकरीवरून काढणंही बेकायदेशीर आहे. त्रास होतो तो भाड्याचं घर शोधताना, कारण चॅप्टर ७ची नोंद क्रेडिट रिपोर्टवर १० वर्षांपर्यंत राहू शकते. लीज संपत आली असेल तर नवं घर शोधायला दोन-तीन महिने आधीच लागा आणि पे स्टब (पगाराच्या पावत्या) तयार ठेवा.