तापीचा नावाडी: छापा-काट्याच्या कोड्यातून गेमची लेव्हल

वॉल्टर पेनी यांनी १९६९ मध्ये मांडलेलं हे कोडं. एकाने छापा-काट्याचा तीन नाण्यांचा क्रम सांगायचा, मग दुसऱ्याने आपला. नाणं उडवत राहायचं. ज्याचा क्रम आधी सलग पडेल त्याचा डाव. आठही क्रम तोलामोलाचे वाटतात. तरी नंतर बोलणारा जाणकार असेल तर तो पहिल्याला बहुतेक वेळा मात देतो, आणि लेव्हल उभी करायची ती याच्यावर.

देखावा चांगदेवचा तापी-पूर्णा संगम. केळीचे घड पलीकडे न्यायचेत, होडी एकच. नावाडी म्हणतो, "भाऊ, आधी तुम्ही बोला." त्याची बोली रावेर-यावलकडची लेवा ठेवा, अहिराणी धुळे-अमळनेरच्या बाजूला शोभते.

नावाड्याचं सूत्र: खेळाडूच्या क्रमातलं मधलं नाणं उलटवून पुढे लावायचं, मागे त्याची पहिली दोन. नावाड्याच्या जिंकण्याची शक्यता अशी (छ म्हणजे छापा, क म्हणजे काटा; आधी खेळाडूचा क्रम, मग नावाड्याचा):

छछछ ला कछछ: ७/८
छछक ला कछछ: ३/४
छकछ ला छछक: २/३
छकक ला छछक: २/३

उरलेल्या चारांत छापा-काटा अदलाबदल करा. छछछ चं कारण सोपं आहे. पहिली तिन्ही नाणी छापा पडली तरच खेळाडू जिंकतो. एकदा काटा पडला की तीन छाप्यांच्या आधी कछछ येणारच.

पहिल्या टप्प्यात आधी ५ डाव घेणारा जिंकतो. चांगला क्रम निवडूनही खेळाडू शंभरात १४-१५ वेळाच, तेही नशिबाने, जिंकेल. म्हणून इथल्या निकालावर होडी सोडू नका. दुसऱ्या टप्प्यात नावाडी दर डावाला आठांतला कोणताही क्रम आधी बोलतो. सूत्र उमगलेला खेळाडू इथे ५ डावांची शर्यत शंभरात सुमारे ९४ वेळा मारतो. होडी इथे सुटू द्या. सूचना लिहून दाखवू नका. दोघांचे क्रम एकाखाली एक मांडले की मागे सरकलेली दोन नाणी डोळ्यांना दिसतात. हा शोध खेळाडूचाच राहिला पाहिजे.

कोडमध्ये हमखास बिघडतं ते एकच: नाणी तीन-तीनच्या गठ्ठ्यांनी उडवली जातात. मग दोघांची संधी समान होते आणि कोडंच मरतं. दर वेळी एक नाणं यादीत जोडा आणि फक्त शेवटची तीन तपासा. नवा डाव सुरू होताना यादी रिकामी करा, नाहीतर जुनी नाणी नव्या डावात घुसतात.

खेळाडूला लबाडीचा संशय येतो. नाणं त्याच्याच बटणावर उडू द्या, पडलेली सगळी नाणी घाटाच्या पायरीवर ओळीने दिसू द्या.

तपासणीला चित्रं बंद ठेवून छछछ विरुद्ध कछछ असे १०,००० डाव चालवा. छछछ ने साधारण १,२५० जिंकावेत. १,१५० ते १,३५० पर्यंत चालेल. आकडा ५,००० च्या आसपास आला तर गठ्ठ्यांची चूक झाली आहे.