एर्ट्सबर्ग रोडिओ बघायला जाताना: कुठे उभं राहायचं, काय न्यायचं

ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात आयझनएर्ट्स हे जुनं खाणगाव आहे. गावाला खेटूनच एर्ट्सबर्ग, लोहखनिजासाठी पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला डोंगर. ही उघडी खाण अजून चालू आहे. 1995 पासून इथे मे अखेर किंवा जूनमध्ये एर्ट्सबर्ग रोडिओ ही मोटरसायकलींची शर्यत भरते. शुक्रवार-शनिवारी सुमारे दीड हजार स्वार खाणीच्या रस्त्यांवर वेळ नोंदवतात. त्यातले पहिले 500 रविवारी हेअर स्क्रॅम्बलसाठी, म्हणजे मुख्य शर्यतीसाठी, 50-50 च्या रांगांनी सुटतात. मुदत चार तास, आणि शेवट गाठणारे बहुतेक वर्षी मूठभरच. एकच दिवस हाताशी असेल तर रविवारच धरा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं कठीण, म्हणून फेब्रुवारीतच उरकून घ्या. व्हिएन्नाहून लेओबेनपर्यंत रेल्वेने सुमारे दोन तास, पुढे बसने किंवा गाडीने 1226 मीटरवरची प्रेबिख्ल खिंड ओलांडायची. रविवारच्या परतीच्या बसची वेळ आधीच बघा. भाड्याची गाडी असेल तर महामार्गाचं विन्येट (टोल भरल्याचं स्टिकर) आहे ना, याची खात्री करा.

आता मुद्द्याचं: जागा. 35 किलोमीटरच्या मार्गावर शर्यतीमागे पळण्यात अर्थ नाही. दोन, फार तर तीन ठिकाणं ठरवा. सुरुवात बघा, मग एखादा खडा चढ गाठा. चढाच्या पायथ्याशी, स्वारांच्या रेषेत कधीच थांबू नका. पकड सुटली की शंभरेक किलोची गाडी उलटी घसरत खाली येते, आणि तिच्यामागून येणाऱ्यालाही सोबत घेते. मागचं चाक दगड भिरकावतं ते वेगळंच. बाजूला, मधल्या उंचीवर उभे राहा. तिथून चूक नेमकी दिसते: पायथ्याशी वेग कमी पडला, की वर थ्रॉटल पिळावा लागतो, चाक जागच्या जागी खड्डा खणतं आणि गाडी बसते. मुरलेला स्वार आवाज फार चढू देत नाही. क्लच आणि अंगाचा भार यांवरच काम भागवतो. घसरती गाडी धरायला हात घालू नका. 'कार्ल्स डिनर' नावाचा मोठ्या धोंड्यांचा टप्पा मार्गात उशिरा लागतो. तिथे वेग नसतो, निव्वळ दमछाक असते; आमच्या मते बघायला सगळ्यात मजेशीर जागा हीच.

पायऱ्यांच्या कडा भुसभुशीत असतात, दोरीपलीकडे जाऊ नका. कोरड्या दिवशी तांबूस धूळ, पावसात घसरडा चिखल, त्यामुळे घोटा झाकणारे बूट, रेनकोट, चष्मा आणि माणशी दोन लिटर पाणी हवंच. मुलांच्या कानांना इअरमफ लावा.

1986 मध्ये बंद झालेल्या भूमिगत खाणीची सफर वेगळ्या दिवशी ठेवा. भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो, स्वेटर विसरू नका.