तारेजवळचे बांधकाम : नव्या सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी अनुभवाचे चार शब्द

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात बांधकाम सुरक्षेच्या कामाला लागणारी बहुतेक मुले तंत्रशिक्षण मंडळाची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका तरी करून आलेली असतात, किंवा शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतून तरी. 4 मार्च 1966 रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालयही बेलापूरलाच आहे, त्यामुळे शिकण्याची सोय आपल्याकडे चांगली आहे. परांची, सेफ्टी बेल्ट, खड्ड्याचे कठडे हे सारे तिथे नीट शिकवले जाते. साइटच्या पत्र्याबाहेर मात्र कोणाशी आणि केव्हा बोलावे हे नोकरीतच शिकावे लागते. विजेच्या तारेजवळच्या कामात मजुराचा जीव पुष्कळदा याच बोलण्यावर अवलंबून असतो, म्हणून मी त्याविषयीच लिहीत आहे.

नवी मुंबईच्या आखीव सेक्टरांत वीज बहुतांशी जमिनीखालून जाते, तर घणसोली, कोपरखैरणे किंवा कळव्यासारख्या जुन्या दाट वस्त्यांत डोक्यावरच्या तारा अजूनही इमारतींना खेटून जाताना दिसतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार 22 केव्ही (22 हजार व्होल्ट) वाहिनी आणि इमारत यांच्यात आडवे अंतर किमान 2 मीटर आणि उभे अंतर किमान 3.7 मीटर असावे लागते. वाहिनी आधीपासून असेल आणि तिच्याजवळ नवे बांधकाम करायचे असेल, तर वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला लेखी सूचना देणे बंधनकारक आहे, आणि ही अट तात्पुरत्या उभारणीलाही लागू होते. म्हणजे वीज कंपनी, शासनाचा निरीक्षक आणि बांधकाम करणारा यांनी काम सुरू होण्याआधीच एकमेकांशी बोलावे, ही अपेक्षा नियमातच आहे. प्रत्यक्षात हे पत्र अनेकदा स्लॅब तारेच्या उंचीला आल्यावर लिहिले जाते, आणि मग वाहिनी हलवण्याचा खर्च, अंदाजपत्रक व मंजुरी यांत जे आठवडे जातात, त्या आठवड्यांत मजूर तारेशेजारीच काम करत राहतात. जोत्याचे काम चालू असतानाच पत्र द्यावे, पोचपावती घ्यावी, आणि त्याच वेळी संयुक्त पाहणीची तारीखही मागावी, असे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो.

पाहणीला केवळ अभियंत्यांना न बोलावता त्या भागाच्या लाइनमनलाही आवर्जून बोलवावे. घणसोलीच्या एका साइटवर आम्ही सारे टेप घेऊन तार ते कॉलम हे अंतर मोजत होतो आणि अंतर नियमात बसतही होते. लाइनमन मात्र तारेकडे न पाहता रस्त्याकडेला रचलेल्या सळ्यांकडे पाहत उभे होते. ते म्हणाले, "साहेब, सळी बारा मीटरची आहे. पोरगा ती उभी करताना वळला की टोक कुठे जाईल ते बघा." नियमातले 2 मीटर इमारतीसाठी आहेत, फिटरच्या हातात झुकणाऱ्या सळीसाठी नाहीत, हे त्या एका वाक्यात सर्वांना कळले. सळ्यांचा ढीग त्याच दिवशी मागच्या बाजूला गेला, तारेकडच्या कॉलमच्या सळ्या आखूड तुकड्यांत जोडायचे ठरले, आणि बूम प्लेसर (लांब हाताने काँक्रीट वर पोचवणारे यंत्र) कोणत्या कोपऱ्यात उभा करायचा नाही हे चुन्याने आखले गेले. यातले काहीच खर्चिक नव्हते. तारेखालून सळ्या आणि पाइप नेण्याबाबतही विनियमांत स्वतंत्र तरतूद आहे. ती मुकादमाला हिंदीत समजावून सांगावी, कारण झारखंड-बंगालहून आलेल्या मजुरांशी दिवसभर तोच बोलत असतो.

निरीक्षकांविषयी साइटवर एक भीती असते की त्यांना बोलावणे म्हणजे काम बंद पाडून घेणे. अपघातानंतर ते चौकशीला येतात हे खरे, आणि तिथे कठोरपणा असलाच पाहिजे. पण कामाआधी विचारलेल्या प्रश्नाला बहुतेक अधिकारी मनापासून उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे. थोडक्यात टळलेले प्रसंगही त्यांना आणि वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला कळवावेत. तोच ठेकेदार उद्या शेजारच्या प्लॉटवर तेच करणार असतो.

खोदण्याआधी जमिनीखालच्या केबल-पाइपच्या मालकांना कळवण्यासाठी दूरसंचार विभागाने 2023 मध्ये आणलेले 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप वापरावे, मात्र तेवढ्यावर थांबू नये. वीज आणि गॅस कंपनीचा माणूस जागेवर उभा राहून मार्ग दाखवेपर्यंत जेसीबीला हात लावू देऊ नये, आणि त्यानंतरही आधी हाताने चाचणी खड्डा घ्यावा. नकाशावरची केबल आणि मातीतली केबल यांत पुष्कळ अंतर असू शकते.

सर्वांत जास्त काळजी शटडाऊन घेतलेल्या, म्हणजे कामासाठी लाइन बंद करून घेतलेल्या दिवशी घ्यावी. फोनवर "लाइन बंद केली" असे ऐकून कोणालाही वर चढवू नये. वीज कंपनीचे लेखी परमिट हातात हवे, तार मृत (वीज नसलेली) असल्याची चाचणी डोळ्यांदेखत व्हावी आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडणारे अर्थिंग लागलेले असावे, कारण शेजारच्या एखाद्या जनरेटरमधूनही उलटा प्रवाह येऊ शकतो. परमिट परत केले की लाइन चालू होऊ शकते, म्हणून काम संपल्यावर ते परत करण्याआधी माणसे खाली बोलावून नावानिशी हजेरी घ्यावी. संध्याकाळी लाइन चालू करण्यासाठी रहिवाशांचे आणि कार्यालयाचे फोन सुरू होतात, आणि त्याच घाईत एखादा हेल्पर राहिलेला पाना आणायला पुन्हा वर जातो. म्हणून परमिटवर सही करणारा आणि हजेरी घेणारा माणूस एकच असावा, आणि त्याचे नाव सकाळीच सेक्शन ऑफिसला कळवलेले असावे.