किमान वेतनवाढीचा रोजगारावरील परिणाम कसा तपासावा

किमान वेतनाचा दर वाढवण्याचा प्रस्ताव आला की दोन ठाम विधाने हमखास ऐकू येतात. मालकांच्या संघटना म्हणतात की वाढीव वेतन परवडणार नाही, कामगार कमी करावे लागतील. कामगार संघटना म्हणतात की मजुराच्या हाती पैसा खेळू लागला की मालाला मागणी येईल आणि रोजगारही वाढेल. विकसनशील देशांत या दोन्ही विधानांना आधार देणारी उदाहरणे सापडतात, त्यामुळे एखादेच उदाहरण पुढे करून वाद मिटत नाही. प्रत्येक वाढ स्वतंत्रपणे तपासावी लागते, आणि ती तपासताना ‘किती नोकऱ्या गेल्या’ या प्रश्नाआधी ‘हा दर प्रत्यक्षात कोणाच्या हातात पडला’ हे विचारावे लागते.

कायद्याची पोच आणि दराचा भार

सुरुवात कायद्याच्या मजकुरापासून करावी. भारतातील १९४८ चा किमान वेतन अधिनियम अनुसूचीत समाविष्ट केलेल्या रोजगारांपुरताच लागू होता. २०१९ च्या वेतन संहितेने अनुसूचीची ही अट काढून टाकली. तरीही देशात काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक स्वतःच्या शेतावर, दुकानात किंवा हातगाडीवर राबतात आणि त्यांना वेतन देणारा मालकच नसतो. म्हणून ‘देशातील एकूण रोजगार’ हा आकडा या तपासणीत फारसा कामाचा नाही. ज्या उद्योगाला, ज्या परिमंडळाला (दर ठरवण्यासाठी पाडलेल्या भौगोलिक विभागाला) आणि कुशल, अर्धकुशल किंवा अकुशल अशा ज्या श्रेणीला नवा दर लागू होतो, तेवढाच गट वेगळा काढावा.

त्यानंतर दराचा भार मोजावा. त्या गटातील सर्व कामगार वेतनाच्या चढत्या क्रमाने मांडले, तर नेमक्या मधल्या कामगाराला जे वेतन मिळते, त्याच्याशी नव्या दराची तुलना करावी. नवा दर मधल्या वेतनाच्या निम्म्याच्या आसपास असेल तर मालकाला तो बहुधा पेलतो; दर मधल्या वेतनाला भिडला किंवा त्याच्या वर गेला तर निम्म्या कामगारांचे वेतन एकदम वाढवावे लागते आणि धोका खरा असतो. एकच रुपया दोन राज्यांत सारखा जड नसतो. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये संपूर्ण देशासाठी प्रतिदिन ३७५ रुपये असा दर सुचवला, पण त्याचबरोबर विभागवार दरांचा पर्यायही दिला. त्यात बिहार ज्या विभागात येतो तेथे ३४२, महाराष्ट्राच्या विभागात ४१४ आणि गोव्याच्या विभागात ४४७ रुपये होते. त्या वेळचा राष्ट्रीय तळदर, म्हणजे राज्यांनी ज्याच्या खाली जाऊ नये असे अपेक्षित होते तो दर, केवळ १७६ रुपये होता, आणि मला तरी त्या काळात रोजगार बुडण्यापेक्षा मजुराचे पोट न भरण्याची काळजी अधिक न्याय्य वाटते.

दर खरोखर दिला जातो का

हा टप्पा सर्वाधिक वेळा वगळला जातो. कामगाराने पूर्ण रकमेवर सही किंवा अंगठा दिलेला असतो आणि हातात मात्र कमी रक्कम पडते. कधी मुकादम आपला वाटा कापतो, कधी उचल वळती होते. अशा ठिकाणी ‘वेतन वाढले तरी रोजगार घटला नाही’ हा निष्कर्ष खरा असूनही निरर्थक ठरतो, कारण वेतन वाढलेलेच नसते. म्हणून हजेरीपटावर विसंबू नये. घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीतील वेतनाचे आकडे घ्यावेत आणि नव्या दराच्या नेमक्या पातळीवर कामगारांची संख्या एकदम वाढलेली दिसते का, हे पाहावे. तशी वाढ दिसली तर कायदा पोहोचला आहे असे समजावे.

कधी तपासनीस नसतानाही कायदा काही प्रमाणात पोहोचतो. दक्षिण आफ्रिकेत २००२ मध्ये घरकामगारांसाठी किमान वेतन ठरवले गेले. अंमलबजावणीची यंत्रणा अगदी दुबळी होती, तरीही डिंकेलमन आणि रांछोड या अभ्यासकांना वेतन स्पष्टपणे वाढलेले आढळले, लेखी करार करणाऱ्यांचे प्रमाण वाढले, आणि रोजगारात किंवा कामाच्या तासांत लक्षणीय घट दिसली नाही. त्याच देशात २००३ मध्ये शेतमजुरांना किमान वेतन लागू झाले, तेव्हा वेतन वाढले, करार वाढले, परंतु शेतीतील रोजगार मात्र घटला. देश तोच, काळही जवळपास तोच, आणि निकाल वेगळे. माझ्या मते एका घरात एकच बाई कामाला असते, तिच्याशिवाय घर चालत नाही. मोठ्या शेतमालकाला मात्र हंगामी मजूर कमी करणे किंवा यंत्र आणणे शक्य असते. म्हणून मालकापुढे दुसरा कोणता मार्ग मोकळा आहे, याची नोंद प्रत्येक तपासणीत करावी.

तुलना कोणाशी करावी

वाढीपूर्वीचा आणि वाढीनंतरचा रोजगार एवढीच तुलना फसवी असते. होंडुरासने जानेवारी २००९ मध्ये किमान वेतन सुमारे ६० टक्क्यांनी वाढवले. त्याच वर्षी जागतिक मंदी होती आणि जूनमध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांना लष्कराने पदच्युत केले. त्या वर्षी गेलेली प्रत्येक नोकरी वेतनवाढीच्या खात्यावर मांडणे चूक ठरेल. त्यासाठी वाढ लागू झालेल्या गटाशेजारी, इतर बाबतींत त्याच्यासारखाच पण वाढ लागू न झालेला गट ठेवावा, आणि दोन्ही गटांतील बदलांमधला फरक पाहावा. जिल्ह्यांच्या सीमा, राज्यांच्या सीमा आणि वेगवेगळी परिमंडळे यासाठी उपयोगी पडतात.

वेतन कोणाच्या तिजोरीतून जाते

या बाबतीत महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव बारकाईने वाचण्यासारखा आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली आणि पुढे तिला कायद्याचे बळ मिळाले. मागेल त्याला काम, हे तिचे वचन होते. १९८८ मध्ये राज्यातील शेतमजुरांचे किमान वेतन जवळपास दुप्पट झाले आणि हमीच्या कामांवरील मजुरीही त्याबरोबर वाढवावी लागली. त्यानंतर या कामांवरील रोजगार घटला. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की मजुरीवाढीनंतर कामाचे एक प्रकारे रेशनिंग होऊ लागले, म्हणजे काम हवे असलेल्या प्रत्येकाला ते मिळेनासे झाले.

यामागचे गणित कोणालाही करून पाहता येते. मजुरीसाठी दहा लाख रुपये असतील आणि दर शंभर रुपये असेल, तर दहा हजार मनुष्यदिवसांचे काम निघते. दर दोनशे झाला आणि तरतूद तेवढीच राहिली, तर पाच हजार मनुष्यदिवस उरतात. येथे रोजगार घटण्याचे कारण दराइतकेच तरतुदीत असते. शिवाय कमी दराच्या कामावर सहसा तोच येतो ज्याला दुसरीकडे काहीच मिळत नाही. दर वाढला की थोड्या बऱ्या स्थितीतले लोकही रांगेत येतात आणि रांग लांबल्यावर भूमिहीन, वृद्ध, एकट्या स्त्रिया मागे ढकलल्या जाण्याची भीती असते. म्हणून सरकारी कामांवरील दरवाढ तपासताना तरतूद किती वाढली आणि काम मागूनही कोणाला मिळाले नाही, हे दोन्ही आकडे मागावेत.

याउलट, जेथे गावात काम देणारे दोन-चार जमीनदारच असतात तेथे मजुरी मुळातच दाबलेली असते, आणि ती वाढवूनही रोजगार टिकू शकतो. आंध्र प्रदेशात ग्रामीण रोजगार हमीची मजुरी स्मार्टकार्डद्वारे सुरळीत पोहोचू लागली, तेव्हा खासगी शेतमजुरीचे दरही वाढले आणि खासगी रोजगार मात्र घटला नाही.

गेलेले कामगार कोठे गेले

गरीब देशात बेकार राहणे परवडत नाही. नोंदणीकृत कारखान्यातून सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी नाक्यावर उभा राहतो किंवा ठेकेदाराकडे जातो, आणि बेकारीचा आकडा जागेवरच राहतो. होंडुरासमध्ये नियमित क्षेत्रातील रोजगार घटून अनियमित क्षेत्रातील वाढल्याचे अभ्यासातून दिसले. ब्राझीलमध्ये १९९६ ते २०१८ या काळात महागाई वजा जाता किमान वेतन दुपटीहून अधिक झाले, तरी रोजगारावर मोठा आघात झाला नाही आणि वेतनातील विषमता घटली. तेथे कायद्याबाहेरच्या मालकांनीही किमान वेतनाचा आकडा प्रमाण मानल्याचे आढळते.

नगावर मजुरी असलेल्या कामांत आणखी एक पायरी घ्यावी लागते. विडी कामगार स्त्रीला हजार विड्यांमागे दर मिळतो. तो दर वाढला आणि कारखान्याने तिला रोजची पाने व तंबाखू कमी दिली, किंवा छाट म्हणून अधिक विड्या बाजूला काढल्या, तर पाहणीच्या तक्त्यात तिचा रोजगार कायम दिसतो, दरही वाढलेला दिसतो, आणि आठवड्याची कमाई मात्र तेवढीच राहते किंवा घटते. त्यामुळे अशा उद्योगांत तिला आठवड्यात किती दिवस आणि किती पाने मिळाली, किती विड्या स्वीकारल्या गेल्या आणि त्यासाठी किती तास लागले, हे विचारून दर तासाची कमाई काढावी, आणि वाढीच्या आधीच्या व नंतरच्या त्याच हंगामातील आकड्यांशी ती ताडून पाहावी.